माणसाच्या रूपातला ड्रॅगन: डीएमसाठी (डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ चालवणाऱ्यासाठी) तयारी, पायऱ्या आणि नेहमीच्या चुका

गावातला म्हातारा पुस्तकबांधणीवाला म्हणजे खरं तर ड्रॅगन, हे उघड झालं की खेळाडूंच्या तोंडून 'अरे, म्हणून तो तेव्हा तसं बोलला होता!' असं निघायला हवं. बऱ्याच टेबलांवर मात्र 'अच्छा' एवढंच येतं आणि लगेच इनिशिएटिव्हचे, म्हणजे लढाईतला क्रम ठरवणारे, फासे पडतात. याची कारणं साधारण दोनच असतात. एक तर आधी खुणा पेरलेल्याच नसतात. नाहीतर त्या नियमांत न बसणाऱ्या असतात, त्यामुळे विचार करणारा खेळाडू त्या स्वतःच खोडून टाकतो.

हा लेख डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीसाठी आहे. आकडे 2014 च्या मॉन्स्टर मॅन्युअल या प्राण्यांच्या पुस्तकातले आहेत आणि 2025 च्या पुस्तकात जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे: डोंगरातल्या एका गावात पुस्तकं बांधणारा मॅरेन आजोबा, प्रत्यक्षात प्रौढ सिल्व्हर ड्रॅगन. समोर पाचव्या लेव्हलची चार पात्रं.

एक गोष्ट मनात पक्की धरून पुढे वाचा: या नियमात शरीर पूर्ण बदलतं, मन मात्र तसंच राहतं. खाली जे काही आहे ते सगळं यावर उभं आहे.

सुरुवातीआधी हाताशी काय हवं

ड्रॅगनचा स्टॅट ब्लॉक (त्याच्या सगळ्या आकड्यांचा चौकोन), तो ज्या माणसाचं रूप घेणार त्याचा स्टॅट ब्लॉक (मॅरेनसाठी साधा 'कॉमनर', म्हणजे सामान्य गावकरी, पुरतो), एक कोरं कार्ड आणि प्रत्येक पात्राच्या पॅसिव्ह इनसाइट व पॅसिव्ह परसेप्शनची (फासे न टाकता माणूस ओळखण्याच्या आणि आजूबाजूचं टिपण्याच्या आकड्यांची) यादी. ही यादी खेळाडूंकडून सेशन सुरू होण्याआधीच घ्या. ऐन संभाषणात 'तुझं पॅसिव्ह इनसाइट किती?' असं विचारलंत की सगळ्यांचे कान टवकारतात.

कॅम्पेन (अनेक सेशनची सलग कथा) सुरू करताना आणखी एक गोष्ट विचारून ठेवा: जवळचं वाटणारं पात्र खोटी ओळख घेऊन वावरत होतं, हे टेबलावर कुणाला खटकेल का? त्या पात्राशी एखाद्या खेळाडूच्या पात्राचं प्रेमप्रकरण जुळण्याची शक्यता असेल तर हे विचारायलाच हवं.

पायरी 1: निवडलेल्या ड्रॅगनला रूप बदलता येतं का, ते तपासा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. 2014 च्या पुस्तकात ड्रॅगनांपैकी 'चेंज शेप' (रूप बदलणं) ही क्षमता फक्त मेटॅलिक, म्हणजे धातूंच्या नावांच्या, ड्रॅगनांकडे आहे, आणि त्यातही सगळ्यांकडे नाही. गोल्ड, सिल्व्हर आणि ब्रॉन्झ यांच्यात प्रौढ आणि प्राचीन दोघांना ती मिळते. ब्रास आणि कॉपर यांच्यात फक्त प्राचीनांना. तरुण ड्रॅगन कोणत्याही रंगाचा असो, त्याला ती नाही. 2025 च्या पुस्तकात प्रौढ मेटॅलिक ड्रॅगन 'शेपचेंज' हा मंत्र हवा तितक्या वेळा टाकतात, फक्त माणूस किंवा प्राण्याच्या रूपापुरता आणि कॉन्सन्ट्रेशनशिवाय, म्हणजे मंत्रावर लक्ष टिकवून न धरता.

रेड, ब्लॅक, ग्रीन, ब्लू, व्हाइट या क्रोमॅटिक (रंगांच्या नावांच्या) ड्रॅगनांकडे 'चेंज शेप' नाहीच. मग डीएम पर्यायी नियमाकडे वळतो, ज्यात ड्रॅगन आपल्या करिष्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप) मॉडिफायरइतके मंत्र दिवसातून एकेकदा टाकू शकतो. पण त्या मंत्रांची पातळी चॅलेंज रेटिंगच्या (ताकदीच्या आकड्याच्या) एक तृतीयांशापर्यंतच असते. हिशोब करून पाहा. प्रौढ रेडचं रेटिंग 17 आणि करिष्मा मॉडिफायर 5, म्हणजे पाचव्या पातळीपर्यंतचे पाच मंत्र. आता त्या टप्प्यातले मंत्र पाहू. 'डिस्गाइज सेल्फ' आणि 'सीमिंग' हातापायांची मूळ ठेवण बदलू देत नाहीत, उंचीतही फूटभराचाच फरक करतात. 'ऑल्टर सेल्फ' आकारमान बदलत नाही. 'पॉलिमॉर्फ' फक्त प्राणी बनवतो. खरोखर माणूस व्हायचं तर नवव्या पातळीचे 'शेपचेंज' किंवा 'ट्रू पॉलिमॉर्फ' लागतात. प्राचीन रेडचं रेटिंग 24, म्हणजे त्याची मजलही आठव्या पातळीपर्यंतच. थोडक्यात, या पर्यायी नियमाने कुठलाही क्रोमॅटिक ड्रॅगन माणूस होऊन बाजारात फिरू शकत नाही. 'हॅट ऑफ डिस्गाइज' दिलीत तरी अडचण तीच, कारण ती टोपी 'डिस्गाइज सेल्फ'च टाकते.

कथेला रेड ड्रॅगनच हवा असेल तर त्याला 'चेंज शेप' तुम्ही स्वतः द्या. पण ती कशामुळे मिळाली हेही ठरवा: एखादी अंगठी, एखादा करार, एखाद्या जादूगाराचं ऋण. ती गोष्ट खेळाडूंना शोधता आणि तोडता येईल अशी असू द्या. नियमांचं पुस्तक पाठ असलेला खेळाडू मग 'हे कसं शक्य आहे?' म्हणून अडून बसत नाही. तोच प्रश्न घेऊन तो शोधाला लागतो.

*तपासणी: प्रजात, वय आणि रूप बदलण्याचं साधन या तीन गोष्टी एका वाक्यात सांगता येतात का? नसतील तर पुढे जाऊ नका.*

पायरी 2: कारण ठरवा

यावर फार वेळ घालवू नका. 'तो इथे कशासाठी आहे' आणि 'ओळख उघड झाली तर त्याचं काय जाईल' ही दोन उत्तरं पुरेत. सिल्व्हर ड्रॅगनांना माणसांच्या सहवासाची ओढ असते, त्यामुळे मॅरेनसाठी वेगळा कट रचायची गरज नाही. तो साठ वर्षं या गावात आहे. गावाच्या जन्ममृत्यूच्या वह्या तोच बांधतो आणि त्या जळू नयेत एवढंच त्याला हवं आहे. ओळख उघड झाली तर लोक त्याच्याकडे वह्या घेऊन येणार नाहीत, नवस घेऊन येतील. त्याला भीती आहे ती याची.

पायरी 3: कार्डावर दोन रकाने आखा

डावीकडे 'तसंच राहिलं', उजवीकडे 'बदललं'. 'चेंज शेप'च्या मजकुरानुसार ड्रॅगनचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो), हिट डाइस, बोलण्याची क्षमता, प्रोफिशियन्सी (सरावाचा वाढीव गुण), लेजंडरी रेझिस्टन्स (सेव्ह, म्हणजे परिणाम टाळायचा फासा, हुकला तरी तो यशस्वी ठरवणं), लेअर ॲक्शन (आपल्या गुहेतल्या खास कृती), अलाइनमेंट (नैतिक कल) आणि इंटेलिजन्स-विज़्डम-करिष्मा हे तीन स्कोअर टिकतात. बाकी सगळं नव्या रूपाचं. मॅरेनचं कार्ड असं होईल.

तसंच राहिलं: हिट पॉइंट 243. इंटेलिजन्स 16, विज़्डम 13, करिष्मा 21. हिस्टरी आणि आर्केना +8. परसेप्शन +11, म्हणजे पॅसिव्ह 21. लेजंडरी रेझिस्टन्स दिवसातून तीन.

बदललं: आर्मर क्लास (फटका लागायला गाठायचा आकडा) 19 चा 10. स्ट्रेंथ 27 ची 10. कॉन्स्टिट्यूशन (शरीराची चिकाटी) सेव्ह +12 चा +5, कारण प्रोफिशियन्सी उरते पण शरीर कॉमनरचं होतं. थंडीपासूनचं संरक्षण गेलं. अंधारात दिसणं आणि ब्लाइंडसाइट (डोळ्यांशिवाय जाणवणं) गेलं. पंख, थंडीचा श्वास आणि लेजंडरी ॲक्शन (दुसऱ्यांच्या पाळीनंतरच्या जादा कृती) गेल्या.

आता डिसेप्शन (खोटं पचवण्याचं कौशल्य) पाहा. सिल्व्हर ड्रॅगनला त्यात प्रोफिशियन्सी नाही, म्हणजे फक्त करिष्म्याचा +5. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिकचा (पुजारी पात्राचा) इनसाइट सहज +6 असतो. मॅरेन सरळ खोटं बोलला तर निम्म्याहून जास्त वेळा पकडला जाईल. म्हणून त्याला खोटं बोलायला लावू नका. तो खरंच बोलतो, फक्त अर्धं. 'माझे वडील इथले नव्हते' हे वाक्य शंभर टक्के खरं आहे.

*सावधान: रूप म्हणून आर्चमेजसारखा मंत्र टाकणारा स्टॅट ब्लॉक घेऊ नका. नियम नव्या रूपाची क्लास फीचर (पेशाच्या खास क्षमता) देत नाही, आणि एनपीसीचे (डीएमने चालवलेल्या पात्राचे) मंत्र त्यात मोडतात का यावर टेबलावर वाद होतो. कॉमनर, नोबल, व्हेटरन यांतलं एक घ्या.*

पायरी 4: खुणा पेरा, पण मनाच्या

इथे घाई करू नका. सगळी मजा या पायरीत आहे.

नेहमीची चूक अशी: म्हातारा उकळता काढा एका घोटात पितो, जळता निखारा हाताने उचलतो, त्याचे डोळे अंधारात चमकतात, मनगटावर एक खवला दिसतो. दिसायला हे छान आहे, पण वरचं कार्ड पाहा. संरक्षण गेलं आहे, अंधारात दिसणंही गेलं आहे. शिवाय सिल्व्हर ड्रॅगनचं मूळ संरक्षण थंडीपासून असतं. आगीची खूण दिलीत तर जाणकार खेळाडू रेड किंवा गोल्डच्या मागे लागेल, आणि त्याला चुकीच्या वाटेवर तुम्ही पाठवलं असेल.

जे टिकलं आहे तिथूनच खुणा काढा.

*आठवण.* पात्रं जुना नकाशा दुरुस्तीला आणतात. मॅरेन तो उलगडतो आणि बोट ठेवून म्हणतो, "हा पूल चुकीच्या जागी काढलाय. नदीचा उतार इथे होता, या औदुंबरापाशी. पूल नंतरचा." एवढं बोलून तो डिंकाची वाटी पुढे ओढतो. तुम्हीही तिथेच थांबा. पुढच्या सेशनला पात्रं पुलावरून जातील तेव्हा कठड्यावरचा कोरीव लेख वाचून दाखवा: पूल 140 वर्षांपूर्वीचा आहे. दोन तुकडे, दोन सेशन. मधला धागा खेळाडूंना जोडू द्या.

*भाषा.* मराठीत खेळणाऱ्या टेबलाकडे एक आयतं हत्यार आहे: तू, तुम्ही आणि आपण. मॅरेन दुकानात आलेल्या पोराला 'तुम्ही' म्हणतो आणि सत्तरीच्या नगरप्रमुखाला 'तू'. नगरप्रमुख चिडत नाही, उलट मान खाली घालतो, कारण लहानपणापासून हा म्हातारा त्याला असाच हाक मारत आला आहे आणि तेव्हाही म्हाताराच होता. अंतर सांगताना सगळे मैल म्हणत असतील तर मॅरेन कोस म्हणतो. हे शब्द कार्डावर आधी लिहून ठेवा आणि दर वेळी तेच वापरा. एकदा कोस, एकदा मैल असं झालं की खूण मेली.

*वस्तू.* ड्रॅगनचा संग्रहाचा हट्ट रूपासोबत जात नाही. सिल्व्हरला माणसांनी घडवलेल्या वस्तूंचा लोभ असतो. मॅरेनच्या मागच्या खोलीत तुटके कुलूप, लाकडी बाहुल्या, बोथट झालेले टाक रचलेले आहेत. काहीच विकाऊ नाही. एक टाक उचलून खिशात घातला तर तो न वळता म्हणतो, "तीनशे अकरा होते. दहा झाले." (पॅसिव्ह परसेप्शन 21 चा उपयोग इथे होतो. रोगला (चोर पात्राला) चोरीचा रोल करू द्या, 21 च्या खाली आला की हे वाक्य.)

*हिट पॉइंट.* शरीराची नियमात बसणारी खूण ही एवढीच, म्हणून ती शेवटी वापरा. दुकानावर हल्ला होतो, गुंडाचा सुरा मॅरेनच्या बरगडीत मुठीपर्यंत जातो. 9 नुकसान. चार हिट पॉइंटचा कॉमनर तिथेच संपायला हवा. मॅरेन सुरा काढून टेबलावर ठेवतो आणि आधी पाहतो की रक्त वहीवर तर सांडलं नाही ना. फाशांचा आकडा मोठ्याने सांगा. टेबलावरच्या प्रत्येकाला कळतं की हा माणूस पडायला हवा होता.

किती खुणा? निदान सहा लिहा. दोन खेळाडूंच्या लक्षातच येणार नाहीत, एक ते चुकीची लावतील, तीन पोचतील. पहिल्या सेशनमध्ये दोन, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक आणि मग सुऱ्याची. एकाच सेशनमध्ये तीन दिल्या तर आजोबा पहिल्याच रात्री ओळखला जातो. सेशनला एकच दिली आणि मधे तीन आठवडे गेले, तर कुणाला आठवत नाही. अशा वेळी पुढच्या सेशनच्या उजळणीत ती खूण एका वाक्यात पुन्हा सांगा.

इनसाइटचा रोल मागितला तर

'मी त्याच्यावर इनसाइट टाकते' आणि 22 पडले. 'तुला वाटतं तो ड्रॅगन आहे' असं सांगू नका, कारण इनसाइट मन वाचत नाही. 'काही कळत नाही' असंही म्हणू नका. चांगल्या रोलचा मोबदला हा खेळाडूचा हक्क आहे. दिशा द्या: "तो खोटं बोलत नाहीये. पण 'इथे किती वर्षं झाली?' असं तू विचारलंस तेव्हा उत्तर देण्याआधी त्याने मनातल्या मनात काहीतरी वजा केलं."

*तपासणी: तुमच्या सहा खुणांपैकी किती सिल्व्हर ड्रॅगनकडेच बोट दाखवतात आणि किती एखाद्या व्हॅम्पायरला किंवा एल्फलाही लागू पडतात? निदान दोन तरी फक्त ड्रॅगनच्या हव्यात. संग्रह मोजण्याची खूण त्यातली एक.*

पायरी 5: कोणता मंत्र काय सांगेल, ते आधी लिहा

टेबलावर ऐनवेळी ठरवलेलं उत्तर पुढच्या सेशनला बदलतं, आणि रहस्य तिथेच फाटतं. म्हणून आधी ठरवा.

'डिटेक्ट ईव्हिल अँड गुड'च्या यादीत ड्रॅगन हा प्रकारच नाही, म्हणजे काही कळत नाही. पॅलॅडिनच्या 'डिव्हाइन सेन्स'चंही तेच. खोटं बोलू न देणाऱ्या 'झोन ऑफ ट्रूथ'मध्ये मॅरेनचा करिष्मा सेव्ह +10 आहे. पण सेव्ह झाला की नाही हे मंत्र टाकणाऱ्याला कळतं. पुस्तकं बांधणारा म्हातारा दर वेळी त्यातून सुटतो, हीच खूण होते. तरीही तो अर्धसत्यावर जगतो, तेव्हा सेव्ह मुद्दाम सोडून दिला तरी चालतो.

'ट्रू सीइंग' 120 फुटांपर्यंत मूळ रूप दाखवतं, पण तो सहाव्या पातळीचा मंत्र आहे. अकराव्या लेव्हलच्या आत पार्टीकडे तो नसतो. दुकानातून विकत मिळू देऊ नका.

रेंजरची 'प्रायमीव्हल अवेअरनेस' मैलभराच्या परिसरात ड्रॅगन आहे की नाही ते सांगते, जागा सांगत नाही. इथे खरा निर्णय तुमचा आहे. 2014 च्या मजकुरात रूप बदलल्यावर प्रकार माणसाचा होतो असं वाचता येतं. नव्या नियमांतल्या 'शेपचेंज'मध्ये मूळ प्रकार टिकतो. आमचा सल्ला: 'हो, आहे' असंच उत्तर द्या. 'गावात कुठेतरी ड्रॅगन आहे' एवढं कळलेली पार्टी पुढची दोन सेशन स्वतःहून खेळते.

मूळ रूपात परत आणणारा 'मूनबीम' मंत्र पाचव्या लेव्हलच्या ड्रुइडकडे असतो. 2014 मध्ये तो 'शेपचेंजर' असलेल्यांना लागू होतो आणि मेटॅलिक ड्रॅगनच्या स्टॅट ब्लॉकवर तो शिक्का नाही. नव्या नियमात रूप बदललेल्या कुणालाही लागू होतो. लागू मानलात तर लक्षात ठेवा, मॅरेनचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह आता +5 आहे. तो लेजंडरी रेझिस्टन्स वापरू शकतो, आणि गावातल्या म्हाताऱ्याने तो वापरणं म्हणजे खूण क्रमांक सात.

'डिस्पेल मॅजिक' (दुसऱ्याचा मंत्र उतरवणारा मंत्र) 2014 च्या 'चेंज शेप'वर चालत नाही, ती क्षमता मंत्र नाही. 2025 मध्ये रूप 'शेपचेंज' या नवव्या पातळीच्या मंत्राने बदलतं, म्हणजे तिसऱ्या पातळीच्या डिस्पेलला डीसी 19 चा चेक (फाशाची बेरीज 19 गाठावी लागते). 'अँटिमॅजिक फील्ड' दोन्हींना दाबतं.

पायरी 6: उघड होण्याची जागा आणि क्रम

प्रौढ ड्रॅगन 15 बाय 15 फूट जागा व्यापतो, म्हणजे नकाशावर तीन बाय तीन चौकोन. 10 फुटांच्या वाटेतून तो अंग चोरून जातो, 5 फुटांच्या दारातून अजिबात नाही. मॅरेनचं दुकान 20 बाय 15 असेल तर रूप परत घेताच ते भरून जातं आणि पात्रं भिंतीला चिकटतात. इमारत पडते का, आत असलेल्यांना किती लागतं, हे 'चेंज शेप'चा नियम सांगत नाही. तुम्ही लिहून ठेवा, किंवा प्रसंग अंगणात घ्या.

रूप परत घ्यायला एक ॲक्शन जाते. लढाईच्या मधे घेतलंत तर ड्रॅगनला त्या पाळीत हल्ला करता येत नाही. तोपर्यंत लेजंडरी ॲक्शनही नाहीत आणि आर्मर क्लास 10 वर चार जणांचे हल्ले झेलावे लागतात. 243 मधले शंभर पहिल्याच फेरीत जाऊ शकतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी संवाद, मग रूप, मग गरज पडली तर इनिशिएटिव्ह.

*सावधान: थंडीचा श्वास 60 फुटांचा कोन, डीसी 20, सरासरी 58 नुकसान. पाचव्या लेव्हलचा विझार्ड सेव्ह करूनही आडवा होऊ शकतो. मॅरेन शत्रू नसेल तर हा आकडा टेबलावर येऊच देऊ नका. 'फ्राइटफुल प्रेझेन्स' (ड्रॅगनचा धाक) कुणावर पडावी हेही ड्रॅगनच निवडतो. मित्रांना वगळा आणि वगळलं आहे हे मोठ्याने सांगा. त्या एका वाक्यात त्याचं मन कळतं.*

वर्णन करताना पंखांपासून सुरुवात करू नका. ओळखीच्या वस्तूपासून करा: डिंकाने चिकट झालेली बोटं, कानामागे खोचलेला टाक. ड्रॅगन उभा राहिला की टाक कुठे गेला ते सांगा. अंगावरची वस्तू नव्या रूपात विरते की तशीच राहते, हे ठरवायची मुभा नियम ड्रॅगनला देतो. मॅरेन तो टाक विरू देत नाही. तो शिंगामागे अडकलेला असतो.

पायरी 7: वेळेआधी ओळखलं, किंवा ओळखलंच नाही

दुसऱ्याच सेशनला कुणी 'हा ड्रॅगन आहे' म्हणालं तर खुणा बदलू नका आणि मॅरेनला अचानक एल्फ करू नका. खेळाडूने बरोबर ओळखलं आहे. त्याला एकट्याला गाठून मॅरेन कबुली देतो आणि गप्प राहायची विनंती करतो. आता रहस्य एका पात्राच्या खांद्यावर गेलं, आणि बाकी तिघांसाठी खुणा चालूच राहतात.

कुणी ओळखलंच नाही, तर चौथ्या सेशनला जबरदस्तीने छत फोडू नका. सुऱ्याचा प्रसंग होऊ द्या, वही कोरडी राहू द्या. पार्टी गाव सोडून निघाली की मॅरेन त्यांना नकाशा परत देतो. पूल आता बरोबर जागी काढलेला असतो, आणि समासात, औदुंबरापाशी, उताराची तारीख त्याच्याच अक्षरात लिहिलेली असते.